हद्द टिल ओढ्यापर्यंत

४ जानेवारी १९७४, शुक्रवार

नवी वही. नाताळात एनिडने दिली. "तुझं सगळं बोलणं हिच्यात लिहीत जा, म्हणजे मला जेवताना ऐकावं लागणार नाही," असं म्हणाली. बायकोची थट्टा आहे, पण सूचना वाईट नाही.

आज कचेरीत परिपत्रक आलं. ३१ मार्चला आमचं ग्रामीण मंडळ बरखास्त. १ एप्रिलपासून वेक्सलो गाव 'सेंट्रल व्हॅलीज' नावाच्या नव्या जिल्ह्यात. आमच्या सफोकच्या या भागात सायकल हातातून सुटली तरी जागची हलत नाही इतकी सपाट जमीन, आणि म्हणे व्हॅलीज. मी इथे एकतीस वर्षं घरपट्टीचा कारकून आहे. नव्या कचेरीत माझ्या जागी यंत्र येणार. मी अठ्ठावन्न वर्षांचा, म्हणून मला घरी बसायची मुभा आहे, असं परिपत्रकात छापलंय. मुभा!

१ एप्रिलला सकाळी नऊ वाजता मी कुठे जाणार, हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला.

९ जानेवारी, बुधवार

मोठी बातमी. कचेरीतली जुनी कपाटं रिकामी करायचं काम माझ्याकडे आहे. तळाशी चामडी बांधणीचं एक दप्तर सापडलं: वेक्सलो हंड्रेडचं. हंड्रेड म्हणजे शे-शंभर कुटुंबांचा जुना परगणा. हजार वर्षांपूर्वी अख्खा सफोक अशा परगण्यांत वाटलेला होता. दर चार आठवड्यांनी माणसं उघड्यावर टेकाडाशी जमायची, तंटे सोडवायची, चोर धरायची. पुढे नवी न्यायालयं आली, मंडळं आली, हंड्रेड मागे पडले. पण मी सगळे कायदे चाळून पाहिले: त्यांना रद्द कुणीच केलेलं नाही. लोक नुसते विसरले.

म्हणजे १ एप्रिलला सरकार मंडळ बुडवू शकतं, हंड्रेड बुडवू शकत नाही. आणि हंड्रेडला कारकून लागतोच.

एनिडला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं तू आता टोमॅटो लावणार."

१९ जानेवारी, शनिवार

'नांगर' पबमध्ये बैठक. बारा पुरुष लागतात, अकरा जमले. बारावे पाद्रीबाबा, ते पाऊस आला म्हणून आत आले होते. खाटीक क्रॅकनेल फार उत्साहात. त्याला पदवी हवी होती, म्हणून त्याला हाकाटीप्रमुख केलं. जुन्या दप्तरात हाकाटीचा नियम स्पष्ट आहे: हद्दीत कुणावर संकट आलं आणि आरोळी उठली, की प्रत्येकाने हातातलं काम टाकून धावायचं. धावला नाही तर अख्खा हंड्रेड दोषी. हद्दीपाशी आलं की हाकाटी शेजारच्या हंड्रेडच्या हवाली करायची. क्रॅकनेलने शिकारीचं एक पितळी शिंग विकत आणलंय. दुकानात गिऱ्हाईक असताना वाजवतो.

आणखी एक सुंदर नियम मी वाचून दाखवला. परका माणूस कुणाच्या घरी उतरला तर पहिली रात्र पाहुणा, दुसरी रात्र पाहुणा, तिसऱ्या रात्रीनंतर घरचा. मग त्याच्या बऱ्यावाईटाला घरमालक जामीन. पबमालक म्हणाला, हा नियम त्याच्या मेव्हण्याला कळू देऊ नका.

पहिली सभा मार्चच्या दोन तारखेला, शनिवारी, टेकाडावर. सँडविचेस एनिड करणार आहे. तिला अजून सांगायचं आहे.

२२ जानेवारी, मंगळवार

हद्दीचं काम हाती घेतलं. दप्तरात लिहिलंय: 'दक्षिणेस टिल ओढा.' एवढंच. पण एवढं पुरे. टिल ओढा आमच्या परसाला लागून वाहतो, पाच पावलांचा लाकडी पूल आहे. पुलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे रूबेन अ‍ॅब्लेटची झोपडीवजा विटांची कॉटेज. म्हणजे माझं वेक्सलो हंड्रेडमधलं शेवटचं घर, आणि अ‍ॅब्लेटचं शेजारच्या हॉक्सबी हंड्रेडमधलं पहिलं. वीस वर्षं समोरासमोर राहून ही गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती.

अ‍ॅब्लेट चौऱ्याहत्तरचा आहे, विधुर. जन्मभर ओढे-नाले साफ करायच्या खात्यात होता. माणूस वाईट नाही, पण सारखा काहीतरी देत असतो. कधी कांदे, कधी मासा. देणाऱ्याला काय, घेणाऱ्याला आभार मानत बसावं लागतं.

२६ जानेवारी, शनिवार

अ‍ॅब्लेटने पबच्या दारावरची सूचना वाचली आणि पुलावर मला गाठलं. त्यालाही हंड्रेडमध्ये यायचंय. मी त्याला नीट समजावलं की तो हॉक्सबीचा आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. हॉक्सबी हंड्रेडमध्ये सध्या कोण कोण आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नियमानुसार पाहता, तूच.

"एकट्याचं काय घेऊन बसलात, गॅरडसाहेब," तो म्हणाला. "एकटा तर मी घरीही असतोच की."

मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो. पण एकाला सूट दिली की हद्दीला अर्थ राहत नाही.

एनिडचा शेरा: "मी नॉरफोकची. लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी क्रॅकनेलची आई मला 'ती पाहुणी' म्हणते. माझं काय करणार आहेस?" मी म्हटलं, लग्नाने प्रश्न सुटतो. ती म्हणाली, तिला तसा अनुभव नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

अ‍ॅब्लेटने हद्दीविरुद्ध तोंडी हरकत घेतली. म्हणे ओढा पूर्वी इथून वाहतच नव्हता, गिरणीसाठी सरळ केलाय. मी कारकून माणूस, तोंडी हरकत ऐकून घेत नाही. पुरावा असल्यास कागदोपत्री सादर कर, असं मी लेखी कळवलं आणि पुलावरून जाऊन त्याच्या दारात टाकलं.

एनिडने विचारलं, दारापर्यंत गेलास तर हाक का नाही मारलीस? मी म्हटलं, पत्रात सगळं आहे.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आज देशात निवडणूक. मतदान केलं. कुणाला ते लिहीत नाही, कारण एनिड ही वही वाचते असा मला संशय आहे. (वाचत असलीस तर: सँडविचेस बारा नव्हे, चोवीस.)

संध्याकाळी अ‍ॅब्लेट पुलावर भेटला. खुशीत होता. "कागद आहे बरं का माझ्याकडे," तो म्हणाला. "खात्याचा जुना नकाशा. कपाटाच्या वर कुठेतरी पत्र्याच्या नळीत ठेवलाय. उद्या सकाळी स्टूल घेतो नि काढतो." मी त्याला आठवण दिली की शनिवारी अकराच्या आत मिळाला तरच विचारात घेता येईल.

१ मार्च, शुक्रवार

उद्या सभा. टेकाडावरचं गवत कापलं. वारा असेल म्हणून कागदांवर ठेवायला दगड निवडले.

नकाशा आला नाही. अपेक्षित होतं. काही माणसं बोलाचीच कढी वाढतात. अ‍ॅब्लेटच्या दारात दुधाची बाटली दुपारपर्यंत तशीच, पाखरांनी झाकणाला चोच मारून वरची साय खाल्ली होती. धुराड्यातून धूरही नाही. कोळशाची टंचाई आहे, म्हणून बचत करत असेल. चांगलं आहे. दूधवाला म्हणाला, म्हातारा आज दिसला नाही, जरा डोकावता का? मी म्हटलं, रुसलाय. उद्याच्या सभेनंतर बघू. आज डोकावलो तर हरकतीबद्दल खासगीत बोलणी केली असा अर्थ निघेल.

२ मार्च, शनिवार

मी हे इतिवृत्त म्हणून लिहायला घेतलं होतं. तसंच उतरवून काढतो.

सभा ११.०५ वाजता सुरू. उपस्थिती बारा. पाद्रीबाबांची प्रार्थना. वारा जोराचा.

११.२० हाकाटीप्रमुखपदी क्रॅकनेल यांची रीतसर नेमणूक. शिंग वाजवण्यात आलं.

११.३० दक्षिण हद्द टिल ओढा, असा ठराव. सूचक गॅरड. एकमताने मंजूर. हरकतदार अ‍ॅब्लेट गैरहजर.

११.४० ओढ्याच्या पलीकडून एनिडची आरोळी. ती सँडविचेस घेऊन निघाली होती. समोरच्या दारात दोन बाटल्या पाहून पूल ओलांडून गेली आणि खिडकीतून आत पाहिलं. "पडलाय! रूबेन पडलाय, या कुणीतरी!"

पबमालक उठला. क्रॅकनेलने त्याला खाली बसवलं आणि मुद्दा मांडला की आरोळी हद्दीबाहेरून आली आहे, दहा मिनिटांपूर्वीच आपण ठराव केलाय, तेव्हा ही हाकाटी आपली की हॉक्सबीची? सर्वांनी माझ्याकडे पाहिलं.

मी दप्तर उघडलं.

नियम असा की हाकाटी हद्दीपाशी शेजारच्या हंड्रेडच्या अंमलदाराच्या हवाली होते. शेजारून आपल्याकडे येते तेव्हा तो अंमलदार ती आणून देतो. हॉक्सबीचा अंमलदार कोण, अशी पृच्छा झाली. दोनशे वर्षांत कुणी नाही, असं मी सांगितलं. मग आणून कोण देणार? पाद्रीबाबांनी सुचवलं की माणुसकी म्हणून जायला हरकत नसावी. क्रॅकनेल म्हणाला, माणुसकी म्हणून गेलो तर पायंडा पडेल. त्यावर मतदान घ्यायचं ठरलं. एनिड दुसऱ्यांदा ओरडली. तिने मला नावाने हाक मारली, हे इतिवृत्तात नोंदवायचं का, असा प्रश्न मला पडला होता. प्रश्न खरंच पडला होता.

११.५२ हाकाटी स्वीकारावी. सात विरुद्ध पाच. मंजूर. शिंग वाजवण्यात आलं.

आम्ही पोचलो तेव्हा एनिडने स्वयंपाकघराची काच फोडली होती, आत जाऊन त्याच्या अंगावर तिचा कोट टाकला होता, आणि ती रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनकडे पळत गेली होती. तो फरशीवर पडलेला, बाजूला स्टूल आडवं. शुक्रवारी सकाळपासून. हातात पत्र्याची नळी घट्ट धरलेली. रुग्णवाहिका आली, पण गल्लीत आमच्या सगळ्यांच्या मोटारी उभ्या होत्या. त्या मागे घ्यायला आणखी नऊ मिनिटं.

स्ट्रेचरवर त्याने डोळे उघडले. मला म्हणाला, "अकराच्या आत झालं नाही बघा."

४ मार्च, सोमवार

खुब्याचं हाड मोडलंय. वाचेल म्हणतात. एक दिवस आणखी गेला असता तर नाही, असंही म्हणतात.

एनिडने इतिवृत्त वाचलं. पेन्सिल घेतली, ११.४० आणि ११.५२ खाली एकेक रेघ ओढली आणि वजाबाकी करून आकडा शेजारी लिहिला. मग आपली उशी घेऊन पाहुण्यांच्या खोलीत झोपायला गेली.

मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या. पेन्सिलीने काढलेली चूक इतकी लागते हे माहीत नव्हतं.

७ मार्च, गुरुवार

इस्पितळात गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. सगळं विसरलो आणि म्हणालो, "माझी चूक झाली, रूबेन." त्याने उशाखालून पत्र्याची नळी काढून दिली. नर्सनी तीन वेळा हलवायचा प्रयत्न केला म्हणे.

"घरी जाऊन उघडा," तो म्हणाला. "आणि खुर्चीवर बसून उघडा."

८ मार्च, शुक्रवार

खुर्चीवर बसून उघडला ते बरं झालं.

१८३८ चा नकाशा. ओढे खात्याचा शिक्का, मोजणीदाराची सही, सगळं चोख. गिरणी त्यानंतरची. त्याआधी टिल ओढा वेगळ्या वाटेने वाहायचा, आमच्या दोन घरांच्या मधून नव्हे, तर माझ्या घराच्या पुढून. उत्तरेकडून. टेकाडाला वळसा घालून. आज जिथे आमचं परसदार आहे ते तेव्हा ओढ्याच्या पल्याडचं कुरण होतं. मग एक मोठं वळण घेऊन तो अ‍ॅब्लेटच्या कॉटेजच्या दक्षिणेकडून जायचा, म्हणजे कॉटेज चक्क अलीकडे.

तीन वेळा मोजलं. पट्टी बदलून मोजलं. तो वेक्सलोचा आहे. आणि मी हॉक्सबीचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा शेजाऱ्याच्या काखेत होता आणि मी त्याला दारातून हाकलला.

१५ मार्च, शुक्रवार

सात दिवस नकाशा माझ्या मोज्यांच्या कप्प्यात आहे. कुणाला ठाऊक नाही. अ‍ॅब्लेट विचारत नाही. नुसता हसतो. उद्या दुसरी सभा आहे, पहिलीचं अर्धवट राहिलेलं कामकाज उरकायला. दाखवला नाही तर मी कारकून राहतो. १ एप्रिलला सकाळी नऊ वाजता मला जायला जागा राहते.

एनिड मोजे आवरायला गेली होती. आज जेवताना माझ्या ताटात तिने दुसरा बटाटा वाढला नाही.

१६ मार्च, शनिवार

दाखवला. हात दाखवून अवलक्षण.

मला वाटलं होतं, हसतील. म्हणतील, लेनर्ड, तूच तर हे सगळं उभं केलंस, बस खाली. कुणी हसलं नाही. क्रॅकनेलने नकाशा बराच वेळ पाहिला, मग माझंच दप्तर माझ्याच हातातून घेऊन पान उघडलं. रहिवासी नसलेल्यास पद धारण करता येणार नाही. हे कलम जुनं नाही, जानेवारीत मीच घातलं होतं, सेंट्रल व्हॅलीजवाले घुसू नयेत म्हणून.

"वैयक्तिक काही नाही, लेनर्ड," तो म्हणाला. "नियम तूच लिहिलायस. आणि सुंदर लिहिलायस."

नऊ विरुद्ध दोन. पाद्रीबाबा आणि पबमालक माझ्या बाजूने. मला स्वतःच्या प्रकरणात मत देता येत नाही, हेही कलम माझंच.

सभेचं कामकाज पुढे चालू असल्यामुळे मला टेकाडाच्या खाली उतरायला सांगितलं. उतरलो. अ‍ॅब्लेट सभासद म्हणून एकमताने दाखल झाला, तो इस्पितळात असताना. टाळ्या खालून ऐकल्या.

घरी येऊन एनिडला सांगितलं. ती म्हणाली, "चहा ठेवते. तू पाहुण्यांत आलास आता. बिस्किटं काढायला हवीत." आणि खरंच काढली, चांगली, टिनातली. रात्री उशी परत जागेवर होती.

२७ मार्च, बुधवार

अ‍ॅब्लेटला आज घरी सोडलं. दोन काठ्यांवर उभा राहतो. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे रात्री सोबत हवी. एनिडकडे बघून म्हणाले. एनिड माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्यापासून हे येतील."

मी विरोध केला नाही. विरोध करायला लागणारं पद माझ्याकडे नाही.

२९ मार्च, शुक्रवार

कचेरीचा शेवटचा दिवस. केक होता. साहेब म्हणाले, 'गॅरड म्हणजे या मंडळाची आठवण.' मंडळ परवा संपतंय हे त्यांच्या लक्षात नसावं. किल्ली दिली. एकतीस वर्षांच्या किल्लीची पावती मिळाली.

अ‍ॅब्लेटकडे दुसरी रात्र. त्याच्याकडची घडीची खाट मला एक फूट आखूड आहे. तो घोरतो. मीही घोरतो म्हणे. त्याने मला ओढ्यांविषयी जे सांगितलं ते लिहायला वेगळी वही लागेल: पाणी कुठे वळवलं, कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या शेतासाठी. हद्दी फावड्याने सरकवता येतात हे त्याला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. मी विचारलं, मग नकाशाचा एवढा सोस कशाला केलास, तुला तर हद्दीत काही अर्थ वाटत नाही.

"हद्दीत नाहीच वाटत," तो म्हणाला. "पण तुम्ही बाराजण शनिवारी एकत्र बसणार होता."

१ एप्रिल, सोमवार

आजपासून नदीकाठ, टेकाड, ओढ्याच्या दोन्ही बाजू, क्रॅकनेलचं दुकान, सगळं सेंट्रल व्हॅलीज. टपाल खात्याचा माणूस म्हणतो, पत्ता पूर्वीसारखाच लिहिला तरी पत्र येईल.

सकाळी जाग आली तेव्हा टेबलावर पाकीट होतं. अ‍ॅब्लेटने हंड्रेडच्या सभेला अर्ज लिहिलाय, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, आणि मला तपासायला ठेवलाय. लेनर्ड गॅरड हा इसम आपल्या घरी चार रात्री राहिला असून जुन्या नियमाप्रमाणे तो आता आपल्या घरचा आहे, आणि त्याच्या बऱ्यावाईटाला आपण जामीन आहोत. सही, रूबेन अ‍ॅब्लेट, वेक्सलोचा रहिवासी. मला एकही चूक काढता आली नाही. काढायला गेलो होतो, पण चष्म्यावर वाफ जमली.

क्रॅकनेल वाद घालील. बहुधा रात्रींची व्याख्या मागेल. मागू दे.

नऊ वाजले. दार उघडलं: पायरीवर दोन बाटल्या. एकदम मागे वळून मी त्याच्या खोलीकडे धावलो, दप्तर न उघडता. तो खुर्चीत बसून बूट चढवत होता.

"धावतोस काय," तो म्हणाला. "एक तुझी आहे. शनिवारीच सांगून ठेवलंय दूधवाल्याला, सोमवारपासून दोन टाकत जा म्हणून. आण आत, पाखरं येतील."

मी दोन्ही आत आणल्या.